थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी आणि आपली गंगाजळी

लंडनमध्ये ठेवलेले शंभर टनांहून अधिक सोने रिझर्व्ह बँकेने मायदेशी आणले, ही वार्ता २०२४ च्या मे महिन्यात आली, तेव्हा सर्वसामान्य भारतीयाला आनंद झाला. आपल्याकडील अर्थपंडितांच्या एका वर्गाच्या कपाळावर मात्र आठ्या पडल्या. सोने कुठे आहे याला महत्त्व नसते, ते कुणाच्या नावावर आहे याला असते. आणि ठेवायचेच तर बँक ऑफ इंग्लंडच्या तळघराइतकी भरवशाची जागा जगात दुसरी कोणती, असा त्यांचा सूर होता. सोने परत आणण्यात आनंद मानणे म्हणजे भाबडी भावुकता, असेही त्यांनी सुचविले.

युक्तिवादात काही तथ्य नाही असे नव्हे. लंडन ही सोन्याच्या व्यवहाराची मोठी पेठ आहे. तेथे ठेवलेले सोने अडीअडचणीला लगेच विकता येते किंवा गहाण टाकता येते. परंतु या युक्तिवादाच्या तळाशी जी श्रद्धा आहे, ती व्यवहारातून आलेली नाही. ती शाळेत शिकविलेल्या इतिहासातून आलेली आहे. इंग्रजांनी आम्हांस आगगाडी दिली, टपाल दिले, न्यायालय दिले आणि पतपेढीची शिस्त दिली, ही ती श्रद्धा. बँक ऑफ इंग्लंड हे या श्रद्धेचे एक देवालयच होय. या देवालयाकडे खुद्द इंग्रज कसे पाहत आले, याचा पुरावा त्यांच्याच चित्रकारांनी ताम्रपटावर कोरून ठेवला आहे. आमच्या विद्वानांनी तो एकदा डोळे उघडून पाहावा.

मुळात ही बँक जन्मली ती व्यापाराच्या सोयीसाठी नव्हे, युद्धासाठी. १६९४ साली तिसऱ्या विल्यमला फ्रान्सशी लढण्यासाठी पैसा हवा होता आणि त्याच्या राजवटीला कुणी उधार देईना. तेव्हा लंडनच्या धनिकांनी बारा लाख पौंड आठ टक्के व्याजाने उभे करून दिले, त्या बदल्यात त्यांना बँकेची सनद मिळाली. बँकेने स्वतःच्या मुद्रेसाठी जे चित्र निवडले, त्यात ब्रिटानिया देवी नाण्यांच्या राशीकडे पाहत बसली आहे. आमच्याकडे लक्ष्मी कमळावर असते आणि तिच्या हातून नाणी खाली ओघळतात, ती देते. ही ब्रिटानिया राशीवर नजर ठेवून आहे. दोन संस्कृतींच्या धनविषयक कल्पनांवर यापुढे वेगळे भाष्य नको.

शंभर वर्षांनी, १७९७ च्या फेब्रुवारीत, या बँकेची पत चव्हाट्यावर आली. फ्रेंच सैनिकांची एक तुकडी वेल्सच्या किनाऱ्यावर उतरली, लोक घाबरले, नोटा घेऊन सोने मागू लागले; आणि पंतप्रधान पिटच्या युद्धखर्चाने बँकेचे तळघर आधीच इतके खरवडले गेले होते की, २६ फेब्रुवारी रोजी राजाज्ञा काढून सोने देणे बंद करावे लागले. नोटेवर छापलेले वचन बँकेने मोडले. ही बंदी काही आठवड्यांची असेल, असे लोकांना वाटले होते. ती १८२१ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे टिकली.

त्याच मार्च महिन्यात जेम्स गिलरे या चित्रकाराने एक चित्र प्रसिद्ध केले. त्यात पिट एखाद्या महाकाय दैत्यासारखा बँकेच्या इमारतीवर पाय फाकून उभा आहे. त्याचे पोट सोन्याच्या नाण्यांनी भरलेले आहे, आणि तोंडावाटे व खालून जे बाहेर पडते आहे ते सारे कागद. ग्रीकांच्या कथेतला मायडस राजा ज्याला हात लावी त्याचे सोने होई. गिलरेने ती कथा उलटी फिरविली. पिटच्या हाती लागलेल्या सोन्याचा कागद होतो. मायडसचे गाढवाचे कानही त्याने पिटला द्यायचे सोडलेले नाही. चित्र शिष्टाचाराला धरून नाही, हे खरे. पण त्याने सांगितलेली गोष्ट संसदेतल्या शंभर भाषणांपेक्षा लंडनच्या लोकांना लवकर कळली.

पुढे शेरिडन या संसद सदस्याने सभागृहात बोलताना बँकेला नगरातील एका प्रतिष्ठित वृद्ध बाईची उपमा दिली. ही बाई अलीकडे वाईट संगतीला लागली, असा त्याचा टोमणा होता. गिलरेने ती उपमा उचलली. २२ मे १७९७ च्या त्याच्या चित्रात एक हडकुळी म्हातारी कुलूपबंद तिजोरीवर बसली आहे, तिचे लुगडे म्हणा, झगा म्हणा, एक-एक पौंडाच्या नोटांचा शिवलेला आहे. आणि लांबट नाकाचा पिट तिच्याशी लगट करीत दुसरा हात तिच्या खिशात घालतो आहे. खिशातून मोहरा गळत आहेत. इतकी वर्षे जपलेली अब्रू याने घालविली, असा आक्रोश म्हातारी करीत आहे. या चित्रापासून बँक ऑफ इंग्लंडला ‘थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी’ हे नाव पडले ते आजतागायत. इंग्रज आज ते कौतुकाने घेतात. मूळ चित्रात कौतुक नव्हते. सत्ताधाऱ्याने पतपेढीची लाज लुटली, असा तो उघड आरोप होता.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच वर्षाच्या अखेरीस या गिलरेला पिटच्याच पक्षाकडून वर्षासन सुरू झाले आणि त्याची लेखणी विरोधकांकडे वळली. तिथल्या राज्यकर्त्यांनी चित्रकाराला तुरुंगात घातले नाही. त्याला पगारावर घेतले. नंतरच्या काळात आपल्याकडील काही बुद्धिमंतांचे जे झाले, ते पाहता ही रीत नवी नव्हे.

आता क्षणभर लंडन सोडून पुण्याकडे यावे. १७९७ साली शनिवारवाड्यात दुसरा बाजीराव नुकताच गादीवर आला होता. उत्तरेत शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्या. मराठ्यांची सत्ता दुभंगलेली, पण उभी होती. पुढच्या चोवीस वर्षांत, म्हणजे ज्या काळात बँक ऑफ इंग्लंड आपल्या नोटेवरचे वचन पाळू शकत नव्हती नेमक्या त्याच काळात, १८०२ चा वसईचा तह झाला, १८०३ मध्ये असई व अडगावच्या लढाया झाल्या, आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आमच्या शालेय पुस्तकांत ही दोन प्रकरणे कधी एका पानावर येत नाहीत. घरी पत गमावलेले राष्ट्र दारी साम्राज्य उभे करीत होते, ते कशाच्या बळावर?

उत्तर अप्रिय आहे. कंपनीच्या फौजांचा पगार थ्रेडनीडल स्ट्रीटवरून येत नव्हता. तो बंगाल-बिहारच्या शेतसाऱ्यातून येत होता. आणि साऱ्याला वेळ लागला की काशी, सुरत, कलकत्ता येथील आपल्याच सावकारांच्या पेढ्या कंपनीला कर्ज देत होत्या, कंपनीच्या हुंड्या वटवीत होत्या. आपल्या पेढीची हुंडी शब्दावर चाले. बँकेची नोट कायद्याच्या दंडुक्यावर चालू होती. तरीही आपल्या शब्दाचे बळ परक्याच्या कामी आले, कारण त्या शब्दामागे राष्ट्र म्हणून एक मन उभे नव्हते. इंग्रजांची पतपेढी श्रेष्ठ होती म्हणून आपण हरलो, हे खोटे आहे. आपली पत विखुरलेली होती म्हणून हरलो, हे खरे. पहिले कारण सांगण्यात पांडित्य मिरविता येते, दुसरे सांगण्यात लाज वाटते. म्हणून पहिलेच शिकविले जाते.

वचन मोडल्यानंतर या बँकेने आपल्याच गरीब प्रजेचे काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. सोने बंद होताच एक व दोन पौंडांच्या नोटा घाईने छापल्या गेल्या. त्या इतक्या साध्या होत्या की, साधारण कारागीरही नक्कल करू शके. बनावट नोटेला शिक्षा होती फाशीची, आणि ती नोट चालविणाऱ्यालाही तीच. बँकेने आपले वकील लावून खटले भरले. त्या चोवीस वर्षांत तीनशेहून अधिक माणसे फासावर गेली. त्यांत अक्षरशत्रू मजूर होते, स्त्रियाही होत्या. नोट सुधारणे बँकेला जमले नाही. दोर मात्र तत्पर होता.

१८१९ च्या प्रारंभी जॉर्ज क्रुकशँक या तरुण चित्रकाराने, तुरुंगाबाहेर लटकणारी प्रेते स्वतः पाहून, विल्यम होन या प्रकाशकासाठी एक ‘नोट’ काढली. तिच्यावर अकरा माणसे ओळीने फासावर लोंबकळत आहेत. पौंडाचे चिन्ह फासाच्या दोरखंडाचे आहे. ब्रिटानिया आपलेच मूल खात बसली आहे. आणि खाली बँकेच्या गव्हर्नरांच्या वतीने सही आहे ती जॅक केच या कुप्रसिद्ध जल्लादाची. होनच्या दुकानासमोर एवढी गर्दी उसळली की रस्ता बंद पडला. आपल्या चित्रानेच फाशी थांबली, असे क्रुकशँक म्हातारपणी सांगत असे. हा अभिमान थोडा फाजील आहे. सोन्याचा व्यवहार पूर्ववत् झाला आणि लहान नोटा गेल्या, हे मोठे कारण होते. पण चित्राची धग नाकारता येत नाही.

आपल्याकडचा एखादा प्राध्यापक म्हणेल, पाहा, हीच तर इंग्रजांची थोरवी. स्वतःच्या सर्वोच्च संस्थेची इतकी टवाळी त्यांनी सहन केली. मान्य. मात्र ही सहनशीलता साम्राज्याच्या वेशीपाशी संपत होती, हेही त्याच दमात सांगावे. १८५७ च्या ऑगस्टमध्ये ‘पंच’ या विनोदी नियतकालिकात टेनिएलने चित्र काढले, त्यात ब्रिटिश सिंह बंगाली वाघावर झेप घेतो आहे आणि वाघाच्या पंजाखाली गोरी स्त्री व तिचे मूल आहे. तिथे व्यंग संपले, सूड सुरू झाला. आणि आपल्या लेखणीचे काय? भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मधून या देशाच्या लुटीचा हिशेब मांडला, तो स्वतःचे नाव न देता, ‘एक हिंदू’ म्हणून. लोकमान्यांना १९०८ मध्ये अग्रलेखांसाठी सहा वर्षे मंडाले. त्याच वर्षी, ‘इंडिया’ साप्ताहिकातून व्यंगचित्रे छापणारे सुब्रह्मण्य भारती अटक टाळण्यासाठी फ्रेंचांच्या पुदुच्चेरीत गेले. गिलरेला वर्षासन आणि टिळकांना मंडाले, हा एकाच सत्तेचा दुहेरी न्याय होता.

या बँकेच्या चित्रसंग्रहात भारत कुठे आहे, हा प्रश्न आपल्यापैकी फारसा कुणी विचारला नाही. भारत तेथे होता, आणि ठळकपणे होता. सर जॉन सोन हा वास्तुविशारद १७८८ पासून बँकेच्या इमारतीचे काम पाहत होता. लोथबरी बाजूच्या चौकात त्याने रोमच्या कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीच्या धर्तीवर एक कमान उभारली. वर चार खंडांच्या चार मूर्ती. आणि थॉमस बँक्स या शिल्पकाराने घडविलेली उत्थित शिल्पे, एक टेम्स नदीचे, दुसरे गंगेचे. होय, आपल्या गंगेचे. सोन्याचांदीच्या गाड्या ज्या चौकातून आत जात, तिथे गंगामाई टेम्सच्या जोडीला उभी केली होती.

वेरूळच्या कैलास लेण्यात गंगा, यमुना आणि सरस्वती शेजारी शेजारी आहेत. आपल्या गुप्तकालीन मंदिरांच्या द्वारशाखेवर मकरवाहिनी गंगा आणि कूर्मवाहिनी यमुना असते. आत जाणाऱ्याने शुचिर्भूत होऊन जावे, हा तिचा अर्थ. लंडनच्या त्या कमानीवर गंगेचा अर्थ काय होता? विजयकमानीवर कोण दाखविले जाते, हे रोमचा इतिहास जाणणाऱ्याला सांगायला नको. मराठीत आपण राखून ठेवलेल्या धनाला ‘गंगाजळी’ म्हणतो. काशीहून आणलेले, देवघरात सीलबंद ठेवलेले, शेवटच्या क्षणासाठी जपलेले जल, त्यावरून हा शब्द आला. आमची गंगाजळी कुणाच्या दारात नेऊन ओतली गेली, हे इंग्रजांनी स्वतःच दगडात कोरून ठेवले होते. दादाभाईंनी त्यासाठी १९०१ साली आकड्यांचा जाडजूड ग्रंथ लिहिला; सखाराम गणेश देऊस्कर या मराठी कुळातल्या माणसाने १९०४ मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहून तेच घराघरांत पोचविले. दगड त्यांच्या शंभर वर्षे आधी बोलून गेला होता.

हा प्रवाह कसा वाहत होता, तेही थोडक्यात सांगतो. विसाव्या शतकाच्या आरंभी भारताची निर्यात आयातीहून बरीच जास्त होती. न्यायाने त्या फरकाचे सोने मुंबई बंदरात उतरायला हवे होते. त्याऐवजी भारतमंत्री लंडनमध्ये बँक ऑफ इंग्लंडमार्फत ‘कौन्सिल बिले’ विकत. आपला कापूस, ताग, गहू घेणारा परदेशी व्यापारी पौंड लंडनमध्येच भरी, आणि आपल्या शेतकऱ्याच्या मालाचे रुपये आपल्याच महसुलातून इथे चुकते होत. पौंड तिकडेच राहिले. दुसऱ्या महायुद्धात हीच युक्ती विराट प्रमाणावर झाली. माल घेतला, सैन्य पोसले, आणि बदल्यात लंडनच्या वह्यांत भारताच्या नावे आकडे मांडले. युद्धाअखेर ते आकडे सुमारे १३० कोटी पौंडांवर गेले होते. इकडे १९४३ मध्ये बंगालची माणसे रस्त्यावर मरत होती. त्या दुष्काळाचे व्यंगचित्र त्यांच्या ‘पंच’ने काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

सोनची ती वास्तू आता नाही. १९२५ ते १९३९ या काळात हर्बर्ट बेकर याने बाहेरची भिंत ठेवून आतले जवळजवळ सारे पाडले आणि नवी इमारत बांधली. या बेकरला आपण ओळखतो. नवी दिल्लीतील सचिवालयाचे नॉर्थ व साउथ ब्लॉक त्याचेच. स्वतंत्र भारताचे अर्थमंत्रालय दशकानुदशके ज्या वास्तूत बसले, ती आणि म्हातारीचे नवे घर, दोन्ही एकाच हाताने रेखाटलेली आहेत. विचारांचे आराखडेही बराच काळ एकाच हातचे होते, याचे आश्चर्य वाटायला नको.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हाची मुद्रेची हकीकत मोठी बोलकी आहे. मुद्रेसाठी नमुना निवडला ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहरेचा: ताडाचे झाड आणि सिंह. सिंह फारच ब्रिटिश वाटेल म्हणून त्याजागी वाघ घेतला, तोही कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर या गोऱ्या साहेबांच्या प्रासादाच्या फाटकावरचा! पहिली रेखाटने आली तेव्हा उपगव्हर्नर जेम्स टेलर यांनी लिहून कळविले की, हा वाघ कुत्र्यासारखा दिसतो, आणि कुत्रा व झाड असे चिन्ह पाहून लोक खिल्ली उडवतील. इंग्रज अधिकाऱ्याला गिलरेची परंपरा ठाऊक होती. चित्रात काय शक्ती असते, हे तो जाणत होता.

पुढे १९४३ मध्ये महाडचे चिंतामणराव देशमुख पहिले भारतीय गव्हर्नर झाले, त्यांच्या कारकिर्दीत १ जानेवारी १९४९ रोजी बँक राष्ट्राची झाली. दिल्लीच्या कार्यालयासमोर रामकिंकर बैज यांनी यक्ष व यक्षी घडविल्या, परखम आणि बेसनगरच्या प्राचीन मूर्तींवरून. यक्ष हे कुबेराचे सेवक, धनाचे रक्षक. इथे प्रथमच आपल्या मध्यवर्ती बँकेच्या दारात आपली कल्पना उभी राहिली. मुद्रेवर मात्र कंपनीच्या मोहरेवरून आलेले ताडाचे झाड आजही तसेच आहे.

आणि मग १९९१ आले. त्या जुलै महिन्यात ४६.९१ टन सोने देशाबाहेर पाठवून बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडे गहाण ठेवावे लागले, सुमारे चाळीस कोटी डॉलरसाठी. ज्या घरात आईचे मंगळसूत्र गहाण पडले असेल, त्या घरातील माणसाला त्या दिवशी काय वाटले, ते समजावून सांगावे लागत नाही. स्वदेशी जागरण मंचाची स्थापना त्याच वर्षीची आहे, हा योगायोग नव्हे. श्रद्धेय दत्तोपंत ठेंगडींनी तेव्हा जे इशारे दिले, त्यांना मागासलेपणाचे लक्षण म्हणणारे हेच पंडित होते. कर्ज त्याच वर्षी फिटले. सोने मात्र म्हातारीच्या तळघरातच राहिले. सोय म्हणून. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो, असे आपण म्हणतो. इथे म्हातारीच सोकावली.

राहता राहिला भरवशाचा प्रश्न. व्हेनेझुएलाचे सुमारे ३१ टन सोने याच तळघरात आहे. त्या देशाचे शासन मागत राहिले. बँकेने दिले नाही. कारण २०१९ साली ब्रिटिश शासनाने तिथल्या विरोधी नेत्याला राष्ट्राध्यक्ष म्हणून मान्यता दिली, आणि मालक कोण हेच न्यायालयात वादाचे झाले. व्हेनेझुएलाच्या राजवटीचे समर्थन करण्याचे आम्हांस कारण नाही. पण ‘सोने कुणाच्या नावावर आहे याला महत्त्व’ म्हणणाऱ्यांनी सांगावे, की नाव ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती असेल तर काय? २०२२ मध्ये रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची परकीय गंगाजळी पाश्चात्त्य राष्ट्रांनी एका आठवड्यात गोठविली. गंगाजळ गोठते, ते असे.

म्हणून मार्च २०२३ अखेर भारतात असलेले ३०१ टन सोने सप्टेंबर २०२४ अखेर ५१० टनांवर गेले, या वाढीचे मोल वजनात मोजू नये. त्या दिवशी एकूण ८५४.७३ टनांपैकी सुमारे ३२४ टन बँक ऑफ इंग्लंड व बाझलच्या आंतरराष्ट्रीय बँकेच्या कोठीत होते. ते सारे एका रात्रीत आणा, अशी आततायी मागणी आम्ही करीत नाही. त्यांपैकी लंडनला किती आणि कोणत्या कारणासाठी, हे शासनाने संसदेत वेगळे सांगावे, एवढी अपेक्षा आहे. आणि रिझर्व्ह बँकेने मुंबईत नाण्यांचे संग्रहालय उभारले, त्यात गिलरेची म्हातारी, क्रुकशँकची फासाची नोट आणि एक अस्सल कौन्सिल बिल शेजारी शेजारी लावावे. शाळेच्या सहली येतात. मुलांना पाहू द्यावे.

आपल्यापैकी अनेकांची मुले आज लंडनच्या त्या नगरात नोकरीला आहेत. बार्थोलोम्यू लेनमध्ये बँकेचे स्वतःचे संग्रहालय आहे, प्रवेशाला शुल्क नाही. गुलामांच्या व्यापाराशी संबंध असलेल्या जुन्या गव्हर्नरांची व संचालकांची चित्रे बँकेने २०२१ मध्ये भिंतीवरून उतरविली, आणि पुढच्या वर्षी त्या विषयावर प्रदर्शनही भरविले. म्हणजे प्रश्न विचारले तर तिथे उत्तर द्यावे लागते. रविवारी संग्रहालय बंद असले, तर एखाद्या कामाच्या दिवशी अर्धी रजा काढून जावे, आणि तिथल्या अधिकाऱ्याला नम्रपणे एवढेच विचारावे की, लोथबरीच्या चौकातली आमची गंगा पाडकामानंतर आपण कुठे ठेवली?